स्वतःवर उगारलेला चिमुकला हात

वाचकहो, आपल्या घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असेल, त्याचे आईवडील कामावर जात असतील आणि दिवसाचा मोठा भाग ते आपल्या स्वाधीन असेल, तर मी सांगते तो प्रसंग आपल्याला अगदीच अनोळखी वाटणार नाही. अनोळखी वाटला, तरीही तो सांगायलाच हवा असे मला वाटते. कारण अशा गोष्टी घरात लपवल्या जातात आणि लपवल्यामुळेच त्या वाढतात. मीही ती लपवली होती.

गेल्या वर्षीच्या आषाढातली दुपार. कुकरची वाफ जिरण्याची वाट पाहत मी ओट्यापाशी उभी होते. माझा सव्वादोन वर्षांचा नातू माझ्या पायांशी डबे मांडून बसला होता. स्टीलचे लहानमोठे डबे हा त्याचा सर्वांत आवडता खेळ. मोठ्या डब्याचे झाकण तो लहान डब्यावर बसवू पाहत होता. झाकण बसेना. त्याने ते फिरवून पाहिले, उलटे करून पाहिले, वरून हाताने दाबून पाहिले. मग झाकण भिरकावून दिले आणि दोन्ही तळव्यांनी तो स्वतःच्याच गालांवर, कपाळावर फडाफड मारू लागला.

ज्यांनी हे पाहिले आहे, त्यांना तो आवाज कधी विसरता येत नाही. दुसऱ्या कुणी त्याला मारले असते, तर मी मध्ये पडले असते. इथे मारणाराही तोच होता आणि मार खाणाराही तोच. मी त्याचा हात धरला, त्याने तो हिसडला. पुन्हा धरला, पुन्हा हिसडला. आणि मग, वाचकहो, हे लिहिताना आजही मान खाली जाते, मी त्या इवल्याशा हातावर चापट मारली. "असं मारतात का स्वतःला?" असे ओरडूनच म्हणाले. त्या झटापटीत माझ्या हातातली एक काचेची बांगडी वाढली. तो क्षणभर थांबला. माझ्याकडे पाहिले. आणि माझ्या डोळ्यांत पाहतच त्याने स्वतःला आणखी जोरात मारले.

मारू नये, हे मी त्याला मारून शिकवत होते. ही विसंगती कळायला शहाणपण लागत नाही; पण त्या क्षणी ती मला दिसली नाही. संध्याकाळी सून घरी आली. बाळाच्या गालावरचा लालसर वण पाहून तिने विचारले, तेव्हा मी म्हणाले, "डास चावला असेल." तीस-पस्तीस वर्षे संसार केलेल्या, दोन मुले वाढवलेल्या बाईने एका डासाच्या आड तोंड लपवले.

त्यानंतरचे काही दिवस मी बेचैनीत काढले. तो प्रकार रोज एकदोनदा होऊ लागला होता. कधी गालावर, कधी डोक्यावर. एकदा तर पालथे पडून कपाळ फरशीवर. शेजारपाजारच्या समवयस्क मैत्रिणींशी आडून आडून बोलले. एक म्हणाली, दृष्ट लागली असेल. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. माझ्या मनाला घटकाभर बरे वाटले, बाळाला काही फरक पडला नाही. दुसरी म्हणाली, हट्टी आहे, एकदा चांगला धपाटा द्या. तिसरी म्हणाली, "आई दिवसभर बाहेर असते ना, मग लेकरू आणखी काय करणार?" या तिसऱ्या वाक्यावर मी काहीच बोलले नाही. माझ्या मौनातही एक आरोप होता, हे मला पुढे कळले.

घरात माझ्या यजमानांनी आपला उपाय शोधला होता. नातवाने हात उगारला, की ते लगेच मोबाईलवर गाण्यांची चित्रफीत लावून त्याच्यासमोर धरीत. रडे थांबे. आम्हा दोघांनाही सुटल्यासारखे वाटे. पण मोबाईल परत घेतला, की पुन्हा हात डोक्याकडे जाई.

एका रविवारी सुनेच्या देखत तेच घडले. मी तिच्याकडे पाहण्याचे टाळले. बाळ झोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, हे तुमच्याकडेही होतं का?" मी सगळे सांगितले. चापट, बांगडी, डासाचे खोटे. काही ठेवले नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रात्री माझ्याजवळही महिनाभर असंच चाललंय. मी तुम्हांला सांगितलं नाही. मी नोकरी करते म्हणून असं होतंय, असं तुम्ही म्हणाल, याची भीती वाटली."

एका छपराखाली दोन बायका एकाच गोष्टीने झुरत होत्या आणि एकमेकींपासून तीच गोष्ट लपवीत होत्या. त्या रात्री आम्ही ठरवले की कोणाचे चुकले, हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि बाळाला डॉक्टरांकडे न्यायचे.

बालरोगतज्ज्ञांनी आमचे ऐकून घेण्याआधी बाळाला खेळू दिले आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. हाक मारली की वळून बघतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? दोन शब्द जोडून बोलतो का? पूर्वी येत असलेला एखादा शब्द हल्ली बोलेनासा झाला आहे का? झोप किती? जेवण कसे? मारून घेताना जखम, सूज होते का? एकटा असतानाही मारून घेतो, की काही मनाविरुद्ध घडले तरच? त्यांनी त्याचे दोन्ही कान तपासले, हिरड्या पाहिल्या. ज्या मुलाला दुखणे सांगता येत नाही, ते कानात ठणका असला किंवा दाढ येत असली, तरी डोक्यावर, कानावर मारून घेऊ शकते, हे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

मग त्यांनी जे समजावले, ते माझ्या शब्दांत सांगते. एक ते तीन वर्षे या वयात मुलाच्या इच्छा आणि भावना झपाट्याने मोठ्या होतात. त्या मानाने शब्द मात्र फार थोडे असतात. मेंदूतील जो भाग आवेग आवरतो, विचार करून थांबायला लावतो, तो तर या वयात अगदीच कोवळा असतो. त्याची वाढ पुढे विशीपर्यंत चालू राहते. म्हणून राग, निराशा, थकवा हे सारे शरीरातूनच बाहेर पडते. कोणी अंग टाकून देते, कोणी चावते, कोणी स्वतःला मारते. अन्यथा निरोगी असलेल्या मुलांपैकीही सुमारे वीस टक्क्यांपर्यंत मुले या वयात कधी ना कधी डोके आपटतात आणि त्यांपैकी बहुतेकांची ही सवय तीन-चार वर्षांची होईपर्यंत आपोआप सुटते. ते मूल आपल्याला छळण्यासाठी हे करीत नसते. त्याला आवरता येत नसते.

"म्हणजे काही करायचंच नाही का?" मी विचारले. ते हसून म्हणाले, "करायचं आहे ना. आधी दोन आठवडे लिहून काढा. कधी झालं, त्याआधी काय घडलं, तुम्ही काय केलं आणि नंतर काय झालं."

लिहायला मला वेगळी वही मिळाली नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकटीत, दीड लिटरच्या आकड्याखाली, मी बारीक अक्षरांत लिहू लागले : "१२.२०, झाकण." "६.४५, मोबाईल घेतला." "१२.४०, चप्पल घालता येईना." वाचकहो, आपल्याला एकच उपाय करायचा असेल, तर हा करा. पंधरा दिवसांनी ते पान पाहिले, तेव्हा ज्याला आम्ही 'दिवसभर चाललेले' म्हणत होतो, ते दिवसभर चाललेले नव्हतेच. बहुतेक नोंदी दोन वेळांच्या होत्या : दुपारी बारा ते एक, म्हणजे भूक आणि झोप एकत्र आलेल्या घडीला, आणि संध्याकाळी साडेसहानंतर, आईवडील येण्याच्या आधीच्या कंटाळलेल्या तासात. कारणेही तीनच : हाताने एखादी गोष्ट जमेना, हवी ती वस्तू मिळेना, किंवा मोबाईल काढून घेतला.

निम्मे काम या पानानेच केले. दुपारचा वरणभात आम्ही अर्ध्या तासाने अलीकडे आणला. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत अकरा ते चौदा आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. आमच्या बाळाची झोप मोजली, तर ती जेमतेम दहा तास भरली. आम्ही मोठी माणसे रात्री उशिरापर्यंत दिवाणखान्यात दिवे आणि दूरदर्शन चालू ठेवीत होतो. ते बंद केले. त्याच मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर एका तासाहून अधिक वेळ नसावा आणि जितका कमी तितके बरे, असेही सांगितले आहे. यजमानांचा मोबाईल सायंकाळी कपाटात जाऊ लागला. पहिले चार दिवस अधिक रडारड झाली. मग साडेसहाच्या सुमारास आजोबा-नातू खाली फाटकापर्यंत जाऊन रिक्षा मोजू लागले आणि तो तास बराच सुकर झाला.

तरीही प्रसंग यायचेच. तो आला की काय करायचे, हे आम्ही हळूहळू शिकलो.

पहिले म्हणजे ओरडायचे नाही आणि धावायचे नाही. आपला चढलेला आवाज मुलाची घबराट वाढवतो. मी मनात तीनपर्यंत मोजते, श्वास सोडते आणि मग त्याच्याजवळ जाते. दुसरे, त्याला इजा होऊ द्यायची नाही. तो भिंतीजवळ किंवा मेजाच्या कोपऱ्याजवळ असेल, तर त्याला बाजूला सरकवते. फरशीवर डोके आपटत असेल, तर मध्ये उशी किंवा माझा तळहात ठेवते. गालावर मारत असेल, तर त्याचे हात आवळून न धरता, गाल आणि त्याचा तळवा यांच्यामध्ये माझा हात येऊ देते. आवळून धरले की लढाई सुरू होते, हे मी पहिल्याच दिवशी शिकले होते.

तिसरे, बोलायचे ते थोडे आणि खालच्या आवाजात. "राग आला. झाकण बसत नाही. मारून घेऊ देणार नाही हं मी. मी इथंच आहे." बस्स. "का केलंस?" हा प्रश्न त्या वेळी निरर्थक असतो; त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसतेच. त्या क्षणी उपदेशही करायचा नाही. वादळ आपले आपण ओसरू द्यायचे. बहुधा ते तीन-चार मिनिटांत ओसरते. आपल्याला मात्र तो अर्धा तास वाटतो.

चौथे, तो शांत झाल्यावर कुशीत घ्यायचे, पाणी द्यायचे आणि ज्या ठिकाणी गाडी अडली होती, तिथे परत जायचे. झाकण शोधायचे, दोघांनी मिळून बसवायचे. पण एखादी वस्तू नाकारली असेल, तर ती नंतरही द्यायची नाही. मारून घेतल्यावर जर 'नाही'चे 'हो' झाले, तर मुलाला नकळत एक वाट सापडते. शिक्षा नको आणि लाचही नको. आमच्या घरी हे सर्वांत अवघड गेले ते आजोबांना. बाळ रडू लागले की त्यांचा हात बिस्किटाच्या डब्याकडे जाई. एका रात्री आम्ही चौघे जेवणाच्या वेळी बोललो आणि ठरवले की चौघांनी एकच वाक्य म्हणायचे, एकच वागायचे. आजी एक, आजोबा दुसरे आणि आई तिसरेच सांगू लागली, तर मुलाने कोणाचे धरून चालावे?

आणि पाचवे, शांत वेळी शिकवायचे. शब्द आणीबाणीत शिकवता येत नाहीत. मी त्याला 'मदत' हा एक शब्द शिकवायला घेतला. दोन्ही हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "मदत." मीही दिवसातून दहादा त्याच्यापुढे हात करून म्हणे, "मला मदत. ही पिशवी धर." चित्रांच्या पुस्तकातल्या मांजरीला राग आलाय, माकडाला भीती वाटते, हत्तीला कंटाळा आलाय, असे भावनांना नाव देत आम्ही पाने उलटत असू. पोळ्या करताना कणकेचा एक गोळा त्याच्या हाती देऊ लागले. तो दाबावा, चुरगळावा, चापट करावा. हातांना काम मिळाले की ते स्वतःकडे कमी वळतात, असा माझा अनुभव.

आपल्या वयाच्या वाचकांसाठी एक स्वतंत्र गोष्ट सांगायलाच हवी. अडीच वर्षांचे मूल बारा-तेरा किलोंचे असते आणि रागात अंग टाकते तेव्हा ते तिप्पट जड लागते. अशा मुलाला उचलण्याच्या प्रयत्नात कंबर धरलेल्या किंवा तोल गेलेल्या आज्या माझ्या ओळखीत आहेत. गुडघे साथ देत नसतील, तर उचलू नका. मी एक बुटके स्टूल स्वयंपाकघरात आणि एक बाहेर ठेवले आहे. त्यावर बसले की त्याच्या उंचीला येते आणि उठताना ओट्याचा आधार मिळतो. चष्मा काढून ठेवते. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी मुलाच्या लाथांपासून थोडे अंतर राखावे. जवळ असणे म्हणजे चिकटून असणे नव्हे. आणि आपणच फार संतापलो आहोत असे जाणवले, तर घरातल्या दुसऱ्या माणसाला हाक मारून बाजूला व्हावे. घरी दुसरे कोणी नसेल, तर मुलाला सुरक्षित जागी बसवून, ते दिसेल इतक्या अंतरावर मिनिटभर उभे राहावे, पाणी प्यावे. मी ते त्या आषाढाच्या दुपारी केले असते, तर चापट मारली नसती.

आता आपल्या एका जुन्या सवयीविषयी. मूल पडले, कपाळ मेजावर आपटले, की आपण काय करतो? मेजाला मारतो. "हात् रे! बाळाला लागलं! मारू या त्याला!" असे म्हणत फरशीवर, भिंतीवर, दारावर चापट्या मारतो. मूल रडता रडता हसते आणि आपल्याला वाटते, जमले. मी माझ्या मुलांना असेच वाढवले, माझ्या आईने मला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की मुले स्वतःला मारतात ती काही एवढ्याने नव्हे. असे काहीच न पाहिलेली मुलेही मारून घेतात. तरीही एकदा नातवाने आपटलेल्या खुर्चीला आधी मारले आणि लगेच स्वतःच्या कपाळाला मारले, तेव्हा माझ्या मनात चर्र झाले. दुखले की कोणाला तरी मारायचे, एवढे तरी आम्ही त्याला हसत हसत शिकवले होते. ती सवय मी सोडली.

पण तिच्या शेजारीच दुसरी एक जुनी सवय आहे, ती मात्र मी घट्ट धरली. ती म्हणजे फुंकर. "कुठं लागलं? ये, फुंकर घालू." फुंकर घालताना आपला श्वास आपोआप लांब आणि सावकाश बाहेर पडतो, आणि असा लांब उच्छ्वास छातीची धडधड उतरवायला मदत करतो. मी त्याच्या तळहातावर फुंकर घालायची, मग माझा तळहात त्याच्यापुढे धरायची. सुरुवातीला तो फक्त थुंकी उडवी. पुढे त्याला जमू लागले. तो फुंकर घाली तेव्हा त्याचा श्वास शांत होई. आणि खरे सांगायचे तर माझाही.

सगळीच मुले वाढत्या वयाबरोबर यातून बाहेर पडतात असे मात्र नाही, आणि हे लपवणे योग्य ठरणार नाही. मारून घेण्याने जखमा, सूज, काळेनिळे डाग होत असतील. प्रकार वाढतच चालला असेल. चार वर्षांनंतरही थांबत नसेल. राग नसतानाही मूल एकटेच तासन् तास तेच करीत असेल. तर वाट पाहू नये. मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द हरवत असतील, तर ऐकण्याची आणि विकासाची तपासणी लगेच करून घ्यावी. स्वमग्नता, श्रवणदोष, बौद्धिक विकासातील अडचणी यांत हे वर्तन दिसू शकते आणि जितकी लवकर मदत मिळेल, तितका उपयोग अधिक होतो. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके अंगणवाड्यांत येऊन मुलांची मोफत तपासणी करतात आणि गरज असेल, त्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. आपल्या अंगणवाडी सेविकेकडे त्याविषयी विचारता येईल. आणि डोके जोरात आपटल्यावर मूल बेशुद्ध झाले, पुन्हा पुन्हा उलट्या करू लागले, नेहमीपेक्षा फार गुंगीत गेले, झटके आले, किंवा कानानाकातून रक्त वा पाणी आले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

यांपैकी काही निघाले, तरी तो कोणाचा दोष नसतो. आईच्या नोकरीने स्वमग्नता होत नाही, आजीच्या लाडाने होत नाही. माझी ती मैत्रीण पुढे एकदा पुन्हा म्हणाली, "आई घरी नसते ना." या वेळी मी गप्प बसले नाही. म्हणाले, "आई रात्री दोन दोन तास त्याला मांडीवर घेऊन बसते. आणि दिवसा मी असते ना." एवढेच. पण ते सुनेच्या कानावर गेले असावे. कारण त्या आठवड्यात तिने मला न विचारताच माझ्या गुडघ्यांसाठी ते बाहेरचे स्टूल आणून ठेवले.

नातू आता तीन वर्षांचा होतो आहे. सगळे संपले, असे मी म्हणणार नाही. गेल्या महिन्यात ताप आला, तेव्हा दोन दिवस पुन्हा हात डोक्याकडे गेला. पण एरवी दिनदर्शिकेच्या चौकटींत आता दुधाचाच हिशेब असतो. डबे अजून मांडले जातात. झाकण बसले नाही, की बहुतेक वेळा दोन हात पुढे येतात : "आजी, मदत."

परवा गॅसवर दूध ठेवून मी फोनवर बोलत राहिले आणि ते उतू गेले. ओटा, शेगडी, खालची फरशी, सगळीकडे दूध. "काय बाई मी तरी!" असे म्हणत मी कपाळावर फाडकन हात मारून घेतला. जन्मभर अशा वेळी मी हेच करीत आले असेन. कधी लक्षातही आले नव्हते. मागे नातू उभा होता. तो जवळ आला, माझा पदर ओढला आणि गंभीरपणे म्हणाला, "आजी, माऊ नको. फुंकल घालू?"

मी त्या बुटक्या स्टुलावर बसले आणि कपाळ पुढे केले.

वाचकहो, आपल्या घरातल्या त्या लहानग्याने आज स्वतःवर हात उगारला, तर घाबरू नका, लपवू नका, आणि त्याच्या आईला बोल लावू नका. आधी आपला हात शांत ठेवा. मग त्याच्याशेजारी जाऊन बसा. आणि संध्याकाळी दिनदर्शिकेच्या चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली, एक ओळ लिहून ठेवा.